मोटर रस्त्यात, गाडी मोकळी

इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटरींचं रिवाइंडिंग करण्यात माझं आयुष्य गेलं. लेकीनं हॅम्बुर्गचं ‘मिनियातुर वुंडरलांड’ हे छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन दाखवलं, तेव्हा माणसं तिथल्या चिमुकल्या मोनॅकोची बंदरं आणि इमारती बघत होती. मी मात्र रस्त्यावरच वाकलो होतो.

फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी जुन्या गोदामांच्या वस्तीत 2001 साली हे सुरू केलं. सगळं 1:87 या प्रमाणात, म्हणजे सहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरचा. आगगाड्या आहेत, धावपट्टीवरून उडणारी विमानं आहेत. 2024 मध्ये मोनॅकोचा भाग उघडला आणि त्या शहराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनच्या गाड्या पळू लागल्या.

एरवी इथल्या ट्रक-बसच्या पोटात बॅटरी आणि छोटी मोटर असते. रस्त्याखाली पोलादी तार पुरलेली, पुढच्या चाकांपाशी चुंबक. चुंबक तारेचा माग काढत जातो. ट्रकला हे चालतं. पण शर्यतीची गाडी तारेच्या मागं गेली तर ती शर्यत कसली? लहान मुलांच्या खाचेच्या ट्रॅकवरही तीच अडचण, गाडी आपली खाच सोडत नाही. शिवाय ही गाडी जेमतेम सहा सेंटिमीटर लांब आणि अगदी चपटी. तिच्यात काय काय कोंबणार?

गेरिट ब्राउन यांनी वर्षानुवर्षे खपून जे उत्तर काढलं, ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं आणि अंगावर काटा आला. आमच्या मोटरीत बाहेर स्टेटरची कॉइल असते, आत रोटर फिरतो. स्टेटर कापून सरळ पसरला, तर चुंबकीय क्षेत्र गोल फिरायचं सोडून पुढं सरकेल. तेच इथं केलंय. रस्त्याखाली सर्किटच्या पाट्या, त्यांवर तांब्याच्या रेघांच्या कॉइल. गाडीच्या तळाशी नुसते चुंबक. क्षेत्र सरकतं तशी गाडी सरकते. मोटर रस्त्यातच आहे! कुठल्या कॉइलमध्ये केव्हा किती प्रवाह सोडायचा हे संगणक ठरवतो, म्हणून एक गाडी दुसरीला बाजूनं मागं टाकू शकते.

वेगाचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. खरी गाडी ताशी 261 किलोमीटर पळत असेल, तर इथं ताशी 3 किलोमीटर पुरतात; सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग. तरी डोळा फसतो, कारण तेवढ्या वेगातही ती सेकंदाला 83 सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तेरापट जाते, खऱ्या गाडीसारखीच. वेग आणणं सोपं होतं. वीतभर रुंदीच्या रस्त्यात गाड्या एकमेकींना न घासता पुढं काढणं, हे खरं कसब. आमच्या कारागिरांच्या पोरांनी ते जाऊन बघावं, आणि इमारतींकडे नंतर वळावं.