विषाणुजन्य हृदयस्नायुदाह आणि उंदराचा नमुना

प्रस्तावना : विषाणूच्या संसर्गानंतर काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूंना सूज येते. या विकारास मायोकार्डायटिस म्हणतात. पुष्कळ रुग्ण बरे होतात. काहींचे हृदय मात्र पुढे मोठे व दुबळे होते. जिवंत रुग्णाच्या हृदयाचा तुकडा रोज काढून तपासता येत नाही. म्हणून रोगाचा क्रम जाणण्यासाठी प्राण्याचा, मुख्यतः उंदराचा, आधार घेतला जातो. या प्राण्यास संशोधक 'मॉडेल' म्हणतात. राजघाट, बुऱ्हाणपूर येथील विद्यार्थ्यास त्यासाठी 'नमुना' हा उर्दू व मराठीस समाईक शब्द सोपा पडेल.

नमुन्याने काय दाखविले? : अमेरिकेतील कॉक्सॅकी गावच्या रुग्णांत सापडलेला विषाणू डालडॉर्फ व सिकल्स यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. तो उंदरांच्या दूधपित्या पिल्लांत वाढविता आला, म्हणूनच ओळखता आला. त्याचा 'बी-३' हा प्रकार उंदराच्या हृदयास बाधतो. प्रथम विषाणू स्वतः पेशींचा नाश करतो. नंतर शरीराच्या रक्षक पेशी तेथे जमून दाह वाढवितात. उंदरांच्या काही वाणांत हा दाह दीर्घकाळ टिकतो, तर काही वाण बरे होतात. म्हणजे आनुवंशिकताही महत्त्वाची ठरते.

आहाराचाही संबंध आढळला. चीनमधील केशान रोग सेलेनियमच्या कमतरतेशी जोडलेला आहे. मेलिंडा बेक व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले की सेलेनियम न मिळालेल्या उंदरांत निरुपद्रवी कॉक्सॅकी विषाणूच्या जनुकीय रचनेतच बदल होऊन तो घातक बनतो आणि मग सकस आहार घेतलेल्या उंदरांनाही बाधतो. कुपोषण हा एकट्या कुपोषिताचा प्रश्न नाही, हे यातून सूचित होते.

मर्यादा : रक्षक पेशी दाह वाढवितात, तर त्यांना दाबणारे औषध द्यावे, असा तर्क सहज सुचतो. परंतु १९५६ च्या प्रयोगांत कॉर्टिझोन दिलेल्या उंदरांच्या हृदयाची हानी वाढली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १११ रुग्णांच्या चाचणीतही अशा औषधांचा विशेष लाभ दिसला नाही. शिवाय उंदराचे हृदय मिनिटास पाचशेहून अधिक वेळा धडधडते, माणसाचे सुमारे सत्तर वेळा. नमुना वाट दाखवितो. निर्णय रुग्णांवरील चाचणीनेच होतो.

निष्कर्ष : तहानलेल्या कुत्र्यास पाणी पाजणाऱ्यास क्षमा मिळाल्याची हदीस सर्वपरिचित आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही प्रयोगांतील प्राण्यांस अनावश्यक वेदना देण्यास मनाई केली आहे. वर्गात हा विषय शिकविताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्राणी खरोखर आवश्यक होता काय? त्यास वेदना कमीत कमी दिल्या काय? नमुन्यावरून अस्सलाविषयी किती बोलता येते?