दगडावरचा जमाखर्च

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ सालच्या जानेवारीतले ते चार-पाच दिवस आठवतात, बाकी काही नाही. शाळेच्या पुस्तकात त्या प्रसंगातल्या इंग्रजांच्या वाट्याला दीड ओळ येते: दारं लावून ते वखारीत बसले आणि त्यांची वखार वाचली. त्या दीड ओळीतला वखारीचा प्रमुख अजून सुरतेतच आहे, कतारगामच्या बाजूला, एका भल्याथोरल्या घुमटाखाली. सर जॉर्ज ऑक्झिंडेन. वखार राखली म्हणून कंपनीने त्याला सोन्याचं पदक दिलं, औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सूट दिली, आणि पाच वर्षांनी, १४ जुलै १६६९ रोजी, तो सुरतेतच वारला. पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आलेला हेन्री ऑक्झिंडेन तो याचाच पुतण्या. चुलत्याने ज्या राजाच्या भीतीने दाराला अडसर घातला, त्याच राजाला पुतण्याने मुजरा केला. इतिहासात अशी सोयरीक पुष्कळ असते. आपण ती क्वचित मोजतो.

हा मकबरा पाहिल्यावर कोणाही अनोळखी माणसाला वाटावं, एखाद्या नबाबाची कबर असणार. दोन मजले, भोवती खांब, वर घुमट. इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या गावच्या चर्चच्या अंगणातली साधी शिळा इथे आणली नाही. इथले अमीर-उमराव मेल्यावर कसे दिसतात ते त्यांनी पाहिलं आणि तसंच बांधलं. बाजारात पत हवी तर मेल्यावरही घुमट हवा, हा हिशेब त्यांना पक्का कळला होता.

पण मला ओढ आहे ती जॉर्जच्या घुमटापेक्षा त्याच वास्तूतल्या दुसऱ्या कबरीची. तिथे त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आहे. तो दहा वर्षं आधी, १६५९ मध्ये गेला. त्याच्या शिळेवरचा लेख लॅटिनमध्ये आहे आणि तो लिहिणारा माणूस नक्की वखारीत वह्या लिहिणारा असला पाहिजे, कारण सगळा मजकूर चोपडीच्या भाषेत आहे. आशय साधारण असा: हा माणूस सचोटीचा नमुना होता. आला, आणि निघूनही गेला. त्याने आपल्या हिशेबात दिवस तेवढे मांडले, वर्षं मांडायला त्याला सवडच मिळाली नाही, कारण मृत्यूने अचानक येऊन हिशेब मागितला. मग लेखक थेट विलायतेतल्या मालकांकडे वळतो. धनी हो, तोटा किती आणि नफा किती, असं विचारता काय? तुमचा एक नोकर गेला, आमचा एक सोबती गेला, त्याचा जीव गेला. मात्र समोरच्या पानावर, जमेच्या बाजूला, त्याला लिहिता येईल की मरण हाच मला लाभ.

शेवटचं वाक्य बायबलमधलं आहे, संत पॉलचं. पण ते जमेच्या रकान्यात बसवण्याची करामत कुठल्या पाद्र्याची वाटत नाही. रोजकीर्द लिहून लिहून ज्याची बोटं शाईने काळी झालीत, अशा कोणा मित्राची ती असावी. त्यात दुःख आहे आणि मालकांना काढलेला हलका चिमटाही आहे: तुम्ही विचाराल ते नफा-तोट्याचंच, म्हणून घ्या, तुमच्याच भाषेत सांगतो. कंपनीच्या पत्रव्यवहाराचे खंडच्या खंड छापले गेले; त्यात माणसं दर, गाठी, नीळ आणि कापूस यांच्यामागे दडून जातात. या एका दगडावर मात्र ‘तुमचा नोकर’ आणि ‘आमचा सोबती’ असा भेद कोणीतरी नीट नोंदवून ठेवला आहे.

दिवस मांडले, वर्षं नाहीत, हे नुसतं अलंकारिक नव्हतं. या किनाऱ्यावर येणाऱ्या इंग्रजांत एक म्हण रूढ होती, की दोन पावसाळे एवढंच माणसाचं आयुष्य. ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने १६८९ च्या सुमाराची मुंबई पाहून ती लिहून ठेवली. पहिला पावसाळा पाहायचा, दुसऱ्यात जायचं.

दहा वर्षांनी जॉर्ज गेला तेव्हा दोन्ही भावांना एकत्र आणणारी मोठी इमारत उठली. तिच्यावरचा लेख वाचणाऱ्यालाच विचारतो, की बाबा रे, एवढं मोठं बांधकाम कशासाठी म्हणून विचारतोस का? आणि उत्तर देतो की इथे दोन भाऊ एका ठिकाणी आहेत. त्यानंतर पदव्या येतात: हिंदुस्थान, इराण आणि अरबस्तानातल्या इंग्रजांचा अध्यक्ष, मुंबई बेटाचा गव्हर्नर. लेख भारदस्त आहे, पण ख्रिस्तोफरच्या लेखाची धार त्याला नाही. पदव्या आल्या की माणूस मागे सरतो. हे आपल्याकडच्या चौकाचौकांतल्या फलकांनाही लागू आहे, पण तो विषय वेगळा.

इंग्रजांचा घुमट पाहून डच गप्प बसणार नव्हते. त्यांचं कबरस्तान जवळच आहे, आणि त्यातली सगळ्यात दिमाखदार वास्तू हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे याची. हा मलबारचा डच कमांडर. कोचीनहून सुरतेला येताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच वारला; देह सुरतेला आणून पुरला. ऑक्झिंडेन बंधूंपेक्षा वरचढ काहीतरी हवं, या ईर्षेने डचांनी त्याच्यावर दुहेरी घुमट चढवला, अशी आख्यायिका आहे, आणि वास्तू पाहिली की ती पटते.

व्हान रेडेचं खरं स्मारक मात्र त्या घुमटात नाही. ते ॲमस्टरडॅममध्ये १६७८ पासून छापल्या गेलेल्या बारा खंडांत आहे. त्यांचं नाव ‘हॉर्टस मलाबारिकस’. मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रं आणि गुणधर्म त्यात आहेत. ही माहिती गोऱ्यांनी जंगलात फिरून गोळा केली नव्हती. इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याने आपल्या घराण्याच्या ताडपत्रांतून ती दिली. आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी ती तपासली. या तिघांनी सही करून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा, नागरी अक्षरांत, कोंकणी भाषेत छापला आहे. तारीख २० एप्रिल १६७५. यांची घराणी मुळात गोव्याकडची. म्हणजे ज्याच्यावर दुहेरी घुमट आहे, त्याच्या ग्रंथाच्या दाराशी आपल्या लिपीत तीन नावं उभी आहेत, आणि त्या तिघांवर कुठे एक वीटही नाही. त्यांची चिता पेटली असेल, राख कोचीनच्या पाण्यात गेली असेल. आपल्याकडे दगड न ठेवण्याची रीत. अक्षर उरलं ते परक्याच्या पुस्तकात.

रीत म्हटलं खरं, पण ती सरसकट नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या शिवेवर, देवळामागे, पाराखाली वीरगळ उभे आहेत. ‘गळ’ म्हणजे कानडी ‘कल्लु’, दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून, आणि टोकाला चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आहेत, समुद्रावरची लढाई आहे. कर्नाटकातले असे दगड बहुधा बोलतात. त्यांवर नाव, राजा, तिथी कोरलेली असते. आपले बहुतेक मुके. गुरं राखताना मेला की किल्ला राखताना, ते चित्रावरून कळतं, नाव नाही. गावाला ते पाठच होतं, मग कोरायचं कशाला? पुढे गावाची पाठांतराची सवय मोडली, आणि दगडाला शेंदूर लागून त्याचा म्हसोबा झाला.

नाव दगडावर नसून तोंडात राहण्याचा याहून गमतीचा प्रकार वडगाव मावळात आहे. जानेवारी १७७९. राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. आघाडीच्या तुकडीत कॅप्टन जेम्स स्टुअर्ट होता. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून तो पडला. मराठी फौजेची टेहळणी करायला तो झाडावर चढला होता, असं सांगतात. पुढे आठवड्याभरातच ती फौज तळेगावाहून मागे फिरली आणि वडगावला तिला नामुष्कीचा तह करावा लागला. एवढ्या पराभवात एका मेलेल्या कॅप्टनची आठवण कोण ठेवणार? ठेवली ती शत्रूने. स्टुअर्टचा ‘इष्टुर’ झाला, आणि त्याच्या बेडरपणावर मराठी सैन्य एवढं खूश झालं की त्याला किताब दिला: इष्टुर फाकडा.

फाकडा हा शब्द आता केवळ नटण्या-मुरडण्यापुरता उरला आहे. पेशवाईत त्याला वजन होतं. अंगात रग, घोड्यावर मांड आणि मरणाची पर्वा नाही, तो फाकडा. साडेतीन शहाण्यांची यादी आपल्याला ठाऊक असते. फाकड्यांचीही तशीच यादी होती. तीत मानाजी फाकडे आणि कोन्हेरराव फाकडे यांच्या पंगतीला हा विलायती गडी बसला. ग्रँट डफनेही आपल्या इतिहासात या टोपणनावाची नोंद केली. म्हणजे मराठ्यांनी दिलेलं नाव इंग्रजाने टिपून ठेवलं आणि ते पुन्हा आपल्याकडे फिरून आलं.

त्याची समाधी वडगावच्या पोलिस ठाण्याच्या आवारात आहे. शब्द नीट ऐका: समाधी. इंग्रजाचं ते थडगं, मुसलमानाची ती कबर, आणि समाधी ती आपल्या माणसाची, असा मराठीचा कडक हिशेब आहे. इष्टुर फाकड्याने तो ओलांडला. लॅटिन येणारा एकही मित्र त्याला मिळाला नाही, तरी त्याच्यावर जो लेख आहे तो दोन शब्दांचा आणि बोलीतला आहे.

आता अजिंठा.

लेण्यांच्या दहाव्या गुंफेत दोन लेख आहेत. एक दर्शनी भागावर, ब्राह्मीत: वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाने हा दर्शनी भाग दान केला. तो ख्रिस्तपूर्व काळातला. दुसरा आत, चित्रांवर चक्क ओरखडून काढलेला: जॉन स्मिथ, २८ वी घोडदळ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या अधिकाऱ्याने लेणी ‘शोधली’ आणि पहिलं काम काय केलं, तर बोधिसत्त्वाच्या अंगावर आपलं नाव खरडलं. नाव लिहायची माणसाची खाज दोन हजार वर्षांत फार बदललेली नाही; सभ्यता तेवढी कमी झाली.

पुढे १८४४ मध्ये कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. फर्ग्युसनसारखे विद्वान ओरडत होते की चित्रं ढासळताहेत, कोणीतरी उतरवून घ्या. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. वटवाघळांची घाण, मधमाश्या, वाघ, ताप आणि काळोख यांत तो जवळजवळ वीस वर्षं रंगवत होता. अंगात शिकारीची आणि पुढे फोटोग्राफीचीही हौस होती. मोठमोठे कॅनव्हास विलायतेला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसाठी टांगले गेले, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. आगीच्या वेळी जे तिथे नव्हते असे चार-पाच उरले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गंमत अशी की त्यानंतर ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलची मुलं घेऊन पुन्हा नकला केल्या, तर १८८५ मध्ये त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्येच जळाल्या. डोंगरात दीड हजार वर्षं टिकलेली चित्रं लंडनला पोचली की जळत.

गिलच्या संसाराची बाजू कंपनीच्या कागदांत सापडते: लग्न झालेलं, बायको फ्रान्सिस, मुलंबाळं. अजिंठ्यात त्याच्या आयुष्यात आलेल्या पारोची बाजू कुठल्याही कागदात नाही. ती आहे अजिंठा गावातल्या एका थडग्यावर, एका इंग्रजी ओळीत. माझ्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ. मृत्यू २३ मे १८५६. एवढंच.

ना. धों. महानोरांनी या ओळीतून ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य उभं केलं, २०१२ मध्ये त्यावर नितीन देसाईंचा चित्रपट आला, आणि आता पारो म्हणजे कोण हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं. लेण्यांपाशी भेटलेली आदिवासी मुलगी, रंग घोटून देणारी, अंगावर फुलं माळणारी. लोकांनी आणि कवीने तिला जे दिलं ते सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दगड यातलं काही म्हणत नाही, आणि मी दगडाच्या बाजूचा आहे. बापाचं नाव नाही, जात नाही, गाव नाही, वय नाही. जन्मतारीख नाही, फक्त मरणाची आहे, कारण तेवढीच लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडली. खानदेशच्या सीमेवरचा ऐन मे महिना.

आणि त्या ओळीत एक शब्द आहे जो ऑक्झिंडेनच्या घुमटाखालीही नाही: ‘माझी’. ख्रिस्तोफरच्या मित्राने लिहिलं ‘आमचा सोबती’, सगळ्या वखारीच्या वतीने. जॉर्जचं सगळं पदव्यांत गेलं. १८५६ मध्ये, कंपनीच्या पगारावर असलेल्या एका लग्नाच्या अधिकाऱ्याने, निजामाच्या मुलखातल्या एका खेड्यात, नेटिव्ह बाईच्या दगडावर एकवचनी ‘माझी’ कोरायला लावलं. अशी नाती तेव्हा नवी नव्हती. पण ती झाकायची रीत होती. मृत्युपत्रात रक्कम ठेवायची, नाव ठेवायचं नाही. गिलने उलट केलं. त्याच्या हयातीत जो कोणी साहेब लेणी पाहायला म्हणून अजिंठ्याला मुक्कामी आला, त्याला ती ओळ वाचता येत होती. गावातल्या लोकांना येत नव्हती. त्यांना वाचायची गरजही नव्हती.

गिल त्यानंतर वीसहून अधिक वर्षं जगला. त्याच्या फोटोंची पुस्तकं फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला निघाली. चित्रं जळाल्याची बातमी त्याला इथेच कळली असणार. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो गेला आणि भुसावळच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्याला पुरलं.

अजिंठा गावातून घाट उतरला की फर्दापूर, पुढे पहूर, जामनेर, मग भुसावळ. त्याची कबर रस्त्याच्या या टोकाला, तिचं थडगं त्या टोकाला. मधे लेणी लागतात.