ही कसली लावणी?

कोयनानगर हे धरणाच्या कामासाठी वसलेलं गाव. माणसं चहूकडून आली, तशी गाणीही आली: जत्रेतल्या कनातीतून, रेडिओवरून, गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावरून. लावणीचा खरा मुलूख जरा लांब. कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिथून वर वाई, खाली रेठरे हरणाक्ष, आणखी पुढे सांगलीजवळ कवलापूर. त्या मुलखातली लावणी आमच्यापर्यंत पोचता पोचता दर पिढीत नवं रूप घ्यायची आणि जुने लोक म्हणायचे, ‘ही कसली लावणी?’ ज्याच्या उमेदीत जी वाजत होती, ती त्याच्या लेखी खरी.

हे भांडण आजचं नाही. पेशवाईतल्या होनाजी बाळांचं नाव लावणीकार म्हणून घेतलं जातं, पण १९५१ साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला तो ‘अमर भूपाळी’. शृंगार लिहिणाऱ्या हाताने पहाटेची भूपाळीही लिहिली होती. कुंपण शाहिरांनी घातलं नव्हतं, ते नंतरच्यांनी घातलं. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींनी, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी (१८६६–१९४५), तर जातीचंच कुंपण ओलांडलं आणि पवळाबाईंबरोबर फडावर उभे राहिले. त्यांच्या भाऊबंदांना खरी लावणी कोणती हा प्रश्नच पडला नाही. त्यांच्या दृष्टीने सगळीच त्याज्य.

१९४८च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे सुधारणा समिती नेमली. आता काय सभ्य आणि काय अश्लील हे कागदावर ठरू लागलं. त्याआधीच, १९४४ साली, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. अण्णाभाऊंनी गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केलं आणि तमाशाचं लोकनाट्य केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. छक्कड हा तर लावणीचाच एक बाज. पण गावाकडे राहिलेल्या बायकोचा विरह हळूहळू तुटलेल्या सीमाभागाचा विरह होतो, तेव्हा पुष्कळजण म्हणतात, हे प्रचाराचं गाणं. मला ते मान्य नाही. विरह लावणीत पहिल्यापासून आहे. अण्णाभाऊंनी त्याला मुंबईच्या चाळीचा पत्ता दिला, एवढंच.

मग १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट. पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यातली ‘बुगडी’ आमच्या भागात घरचीच वाटायची, कारण तीत साताऱ्याचं नाव येतं. शिवाय लिहिणारे ग. दि. माडगूळकर जन्माने शेटफळ्याचे आणि गाणाऱ्या आशाबाई गोवारच्या, दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात. संगीत बारीतल्या, म्हणजे रसिकांसमोर रंगणाऱ्या लावणीतल्या, जाणकारांचा ‘ही कसली लावणी?’ हा आक्षेप मात्र पोकळ नव्हता. रेकॉर्डवर तीनेक मिनिटांत गाणं संपवावं लागतं; बारीत एकच ओळ ऐकणाऱ्याच्या डोळ्यात बघत पुन्हा पुन्हा फिरवता येते, दर वेळी वेगळ्या अर्थाने. रेकॉर्डने ठसका राखला आणि फुरसत घालवली. सुलोचना चव्हाण दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभ्याने गायच्या, नाचायच्या नाहीत. तरी आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं आणि लोकांनी ते उचललं.

वाईच्या यमुनाबाई वाईकर या वादाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची बैठकीची लावणी. गाणारी बाई नऊवारीचा घोळ पसरून बसते, साथीला पेटी, तबला, ढोलकी. पायांना काम थोडं. सगळा कारभार डोळे, भुवई, बोटं आणि पदराच्या टोकावर. गळा ठुमरीच्या अंगाने फिरतो. दिल्लीत बिरजू महाराजांचं कथक आणि यमुनाबाईंची लावणी एकाच मंचावर आली, तेव्हा अदा कुणाची मोठी असला फुकाचा प्रश्न कुणी विचारला असेल असं वाटत नाही. मला स्वतःला हीच लावणी सगळ्यात जास्त आवडते. पण म्हणून बाकीची लावणीच नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या जिभेला व्याकरण समजणं.

२०१०च्या ‘नटरंग’ चित्रपटाने पुन्हा रण पेटवलं. ढोलकी तीच, वाद्यमेळ भरगच्च, चाल झपाट्याची. मी तिला लावणीच म्हणतो. ज्यांना कर्कश वाटते त्यांनी तसं म्हणावं, पण ‘आवडत नाही’ आणि ‘लावणी नाही’ यांत फरक करावा. अलीकडच्या डीजेवरच्या नाचाला मात्र माझा आक्षेप आहे, आणि तो कपड्यांचा किंवा हावभावांचा नाही. तिथे मंचावर कुणी गातच नाही. रसिकाने ‘वन्स मोअर’ म्हटलं तर मशीन गाणं पहिल्यापासून लावील, पण एक ओळ अडवून तिचा नवा अर्थ काढून दाखवणार नाही. तो नाचाचा कार्यक्रम आहे. त्याला खुशाल जावं.

या सगळ्या चर्चेत बारीतल्या बायकांना कुणी विचारलं, असं फारसं दिसत नाही. कोल्हाटी-डोंबारी समाजातल्या या बायकांनी लावणीवर घरं चालवली, दौलतजादा झेलली, शिव्याही झेलल्या. व्याख्या करणारे बहुतेक पुरुष, आणि तेही खुर्चीवर बसलेले. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. १५ मे २०१८ रोजी त्या गेल्या. पुढच्या वेळी मांडवात हा वाद निघाला, तर आधी त्यांचं ध्वनिमुद्रण शोधून एक लावणी सबंध ऐका, मग ‘नटरंग’ लावा, आणि मग भांडा.