आधी पाणी काढायची सोय

कॅबिनेटच्या काचेआडून चमकणाऱ्या नळ्या आणि रंगीत दिवे पाहिले की वॉटर कूलिंग म्हणजे हौसेचा मामला वाटतो. पुण्यातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये असे संगणक जोडणाऱ्या तरुणाशेजारी बसून मी हे काम जवळून पाहिलं, जमेल तिथे हातही लावला. त्याने सर्वांत आधी हातात घेतली ती मोजपट्टी. एकही नळी कापलेली नव्हती, तेव्हाच त्याने विचारलं, “काका, यातलं पाणी उद्या काढायचं झालं तर कुठून काढणार?” पुढचं सगळं काम त्या प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

संगणक होता ॲनिमेशनचं काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-९ १४९००के. पूर्ण भार आला की तो २५३ वॅटपर्यंत जातो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०९०, ते ४५० वॅटचं. दोन्ही मिळून सातशे वॅट, म्हणजे घरातल्या हलक्या इस्त्रीएवढी उष्णता. इस्त्रीचा तवा चांगला तळहाताएवढा तरी असतो; प्रोसेसरची सिलिकॉनची चकती जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरची. एवढ्याशा जागेतून त्यातली अडीचशे वॅट उष्णता उचलायची कशी, हा खरा पेच.

पाणी इथे उपयोगी पडतं ते उष्णता वाहून नेण्यासाठी. तितक्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता ते पोटात घेतं. ती नेऊन रेडिएटरच्या पात्यांना देतं आणि पंखे ती हवेत सोडतात. उष्णता नाहीशी होत नाही, खोलीतच येते. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असेल तर नळ्यांच्या या फेऱ्यातलं, म्हणजे लूपमधलं, पाणी त्याखाली कधीच उतरणार नाही. सलग रेंडर चालू असताना ते दहाएक अंश वरच राहतं. याचा एक फायदाही आहे. काहीच खोलीपेक्षा गार होत नसल्याने मुंबई-कोकणातल्या दमट हवेतही भागांवर दव धरत नाही.

ही पद्धत काही गेमिंगवाल्यांनी शोधलेली नाही. १९८५ सालच्या क्रे-२ महासंगणकाची सर्किटं निष्क्रिय द्रवात बुडवलेली होती. पुण्यातल्याच आयसरमध्ये २०१९ साली सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ही द्रवानेच थंड ठेवला जातो. टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये तेच तत्त्व आहे. फक्त इथे अभियंत्यांचं पथक नसतं, दोनच हात असतात.

मोजपट्टीचं काम मग सुरू होतं. ३६० चा रेडिएटर म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे बसणारा. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून त्याची खरी लांबी चारशेच्या आसपास जाते. जाडी तीस, त्यावर पंख्याचे पंचवीस. छताला पंचावन्न मिलिमीटर गेले की मदरबोर्डच्या वरच्या कडेचे हीटसिंक आणि रॅम मध्ये येतात. एका पंख्यामागे शंभर-सव्वाशे वॅट हा ढोबळ हिशेब धरून इथे दोन रेडिएटर लागणार होते, एक छताला आणि एक पुढच्या बाजूला.

सगळा माल तांबं, पितळ किंवा निकेल चढवलेला आहे ना, हेही त्याने एकेक तुकडा हातात घेऊन पाहिलं. चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला की पाण्यातून दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. झिजलेला गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. या खाचा मिलिमीटरच्या काही दशांश रुंदीच्या असतात. त्या तुंबल्या की पंप कितीही चांगला असो, उपयोग नाही. म्हणूनच नवा रेडिएटरही डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा खंगाळून घ्यायचा. पहिल्या पाण्याबरोबर कारखान्यातल्या डागकामाचे काळसर कण बाहेर येताना मी पाहिले.

ग्राफिक्स कार्ड उघडताना वर्कशॉपमधली बडबड थांबली. मूळ पंख्यांचा जाडजूड डोलारा उतरला आणि हातात एक पातळ हिरवट-काळा बोर्ड उरला. चिपवर पेस्ट लागते; भोवतालच्या मेमरीवर आणि वीज देणाऱ्या घटकांवर थर्मल पॅडच्या पट्ट्या. ब्लॉकबरोबरच्या कागदावर कुठे १ मिलिमीटरची आणि कुठे दीडची, ते लिहिलेलं असतं. १ च्या जागी दीडची पट्टी बसली तर ब्लॉक तेवढा उचलला जातो आणि चिपला पुरता टेकतच नाही. वरून सगळं जागच्या जागी दिसतं, तापमान मात्र भडकतं. म्हणून त्याने ब्लॉक एकदा हलका आवळला, पुन्हा काढला आणि पेस्टचा ठसा दिव्याखाली धरला. ठसा कडेपर्यंत सारखा पसरलेला दिसल्यावरच चिप पुसून नवी पेस्ट लावली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवत ब्लॉक कायमचा बसवला.

नळ्या ॲक्रिलिकच्या, बाहेरून १४ मिलिमीटरच्या. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत सिलिकॉनची दोरी सरकवायची. हीट गनसमोर नळी सतत गोल फिरवायची; घाई केली तर आत बुडबुडे उठतात आणि तो तुकडा वाया जातो. थोड्या वेळाने नळीचा ताठरपणा जातो आणि ती स्वतःच्या वजनाने झुकते. तेवढ्या दोन-चार सेकंदांत ती साच्यावर टेकवून काटकोनात वळवायची आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवायची. मग बारीक पात्याच्या करवतीने कापून आतली-बाहेरची कड घासायची. बोट फिरवून कड लागत नाही असं वाटलं तरी तो आणखी घासत होता. फिटिंगमधल्या रबरी ओ-रिंगला धारदार कडेची बारीकशी चीर पडली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. थेंब पडतो तो नंतर कधीतरी. ओ-रिंग ओली करून नळी सरळ आत दाबायची आणि फिटिंग हातानेच आवळायचं. पाना लावून जोर केला की रबर चेपतं.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की कार्डाकडे, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. हिशेब केला तर वाद मिटतो. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर सातशे वॅटनेही त्याचं तापमान अडीच अंशांनीच वाढतं. लूपमध्ये सगळीकडे पाणी जवळपास सारखंच कोमट असतं, म्हणून नळ्या सोयीच्या मार्गाने न्याव्यात. नियम एकच न मोडणारा: रिझर्व्हायर, म्हणजे पाण्याची टाकी, पंपाच्या आधी आणि त्याच्याहून वर हवा, म्हणजे पंपाला कायम पाणी मिळतं. “काका, पंप कोरडा फिरला तर संपलाच,” तो म्हणाला. पंपातल्या बेअरिंगला वंगण असतं ते फिरणाऱ्या पाण्याचंच.

आणि सगळ्यांत खाली, पुढच्या रेडिएटरच्या तळाशी, त्याने टी आकाराचं फिटिंग लावून छोटा व्हॉल्व्ह बसवला. त्यासाठी एक नळी नव्याने वाकवावी लागली. ती समोरून तितकीशी सुबक दिसत नव्हती. त्याने ती तशीच ठेवली.

पाण्याआधी हवेची परीक्षा. हातपंपाने लूपमध्ये अर्धा बार दाब भरला आणि गेजचा काटा बराच वेळ हलला नाही. मग एसएमपीएसच्या वीज देणाऱ्या सगळ्या केबल मदरबोर्ड आणि कार्डापासून सोडवल्या, २४ पिनी जोडात जम्पर लावला आणि वीज फक्त पंपाला दिली. रिझर्व्हायर भरायचा, पंप काही सेकंद चालवायचा, पातळी उतरली की बंद करून पुन्हा भरायचं. कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलतं केलं की रेडिएटरमध्ये अडकलेली हवा खळखळत वर येते. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवला होता. एक थेंब पडला तरी त्यावर डाग उठतो. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही खरी, पण धातू आणि धूळ यांच्या संपर्कात आलेलं पाणी शुद्ध राहत नाही. त्यामुळे बाकीच्या भागांना वीज मिळाली ती दुसऱ्या दिवशी, सगळे कागद कोरडे निघाल्यावर.

ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी कारखान्यातून भरून येणारे बंद कूलर आहेत आणि बहुतेकांना ते पुरतात. त्यातली दक्षता एवढीच की पंप लूपमधला सर्वांत उंच भाग होऊ देऊ नये, कारण हवा तिथेच जाऊन बसते. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं पाणी उडत राहतं, आणि बहुतेक कूलरमध्ये ते पुन्हा भरता येत नाही.

खुल्या लूपमध्ये भरता येतं, पण त्यासाठी आधी रिकामं करावं लागतं. वर्षाकाठी कूलंट बदलायचं, शेवाळ धरलं का पाहायचं, पात्यांतली धूळ काढायची. तळाशी व्हॉल्व्ह असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे. नसेल तर बोर्डावर पाणी सांडायच्या भीतीने मालक ते पुढे ढकलत राहतो आणि हजारो रुपयांचे ब्लॉक आतून तुंबत जातात. म्हणून असा संगणक विकत घेणाऱ्याने किंवा स्वतः जोडणाऱ्याने नळ्यांचा रंग ठरवण्याआधी तळाशी वाकून बघावं. तिथे व्हॉल्व्ह दिसला तर जोडणाऱ्याने पुढच्या वर्षाचाही विचार केला आहे, आणि माझ्या मते चांगल्या कामाची तीच पहिली खूण आहे.