नवा गुडघा, पण समाधान किती?

झिजलेला गुडघा बदलून कृत्रिम सांधा बसवता येतो, हे तुम्ही ऐकले असेलच. मांडीच्या हाडाच्या टोकावर मिश्रधातूचे टोपण, नडगीच्या हाडावर धातूची चकती आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची गुळगुळीत गादी, अशी त्याची साधारण रचना असते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत हे भारतात जन्मलेले शल्यविशारद होते. त्यांनीच २००० साली मुंबईत तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर ही शस्त्रक्रिया केली.

क्ष-किरण चित्रात सांधा नेमका बसलेला दिसला, की रुग्ण समाधानी असणारच, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही! कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात १,७०३ रुग्णांची पाहणी झाली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेला वर्ष झाल्यावरही दर १०० पैकी सुमारे १९ जण समाधानी नव्हते. एकदा कापलेले हाड पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणूनच 'मी समाधानी होईन का?' हे आधी कळणे मोलाचे.

आता समजा, कोणी म्हणाले, 'माझे भाकीत १०० पैकी ८१ वेळा खरे ठरते.' त्याला शाबासकी द्यावी का? थांबा! डोळे मिटून प्रत्येकाला 'तुम्ही समाधानी व्हाल' असे सांगणाऱ्याचे भाकीतही ८१ वेळा खरे ठरेल. मात्र ज्यांना सावध करायला हवे होते, त्या १९ पैकी एकही जण त्याला ओळखता येणार नाही. खरी कसोटी वेगळी आहे. एक समाधानी व एक असमाधानी रुग्ण घ्यावा आणि कोण कोणता, हे भाकीत करणाऱ्याला ओळखता येते का ते पाहावे. नाणे उडवूनही निम्म्या वेळा उत्तर बरोबर येईल. त्याच्या पुढे किती मजल जाते, ते महत्त्वाचे.

त्या पाहणीत काही धागे सापडले. शस्त्रक्रियेपूर्वी स्वस्थ बसले असतानाही ज्यांचा गुडघा दुखे, त्यांच्यात असमाधानाचा धोका सुमारे २.४ पट होता. ज्यांच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्यात तो १०.७ पट होता! पण नीट विचार करा. अपेक्षा पुरी झाली की नाही, हे नंतर कळते. तेव्हा त्याला भाकीत म्हणता येणार नाही. अपेक्षा काय आहे, हे मात्र आधी विचारता येते. मांडी घालून किंवा उकिडवे बसायला गुडघा फार वाकावा लागतो, आणि नव्या गुडघ्याने ते अनेकांना साधत नाही. हे आधीच बोलून घेतले, तर पुढची निराशा टळू शकते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. मार्च महिन्यात पुण्यात रोज 'आज पाऊस नाही' असे सांगणारा बहुतेक दिवशी बरोबर ठरतो. त्याला हवामानतज्ज्ञ म्हणावे का? वर्गात चर्चा करा.