जुनी प्लगिन, नवा संगणक : स्टुडिओ चालविणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

गाणी, नात, कव्वाल्या, लग्नाच्या चित्रफिती आणि दुकानांच्या जाहिराती यांचे ध्वनिमुद्रण करून देणारे छोटे स्टुडिओ आता तालुक्याच्या गावीही दिसतात. एक खोली, एक संगणक, एक-दोन माईक आणि हाताखाली शिकणारा एखादा मुलगा, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो. या धंद्याची बरीचशी हत्यारे डोळ्यांना दिसत नाहीत. ती संगणकाच्या आत असतात व त्यांना प्लगिन म्हणतात. सुताराने दुकान बदलले तरी त्याची पटाशी तीच राहते. येथे मात्र संगणक बदलला की जुने हत्यार चालेनासे होते आणि त्यावर केलेली गिऱ्हाइकांची जुनी कामेही नीट उघडत नाहीत. असे का होते व त्यावर उपाय काय, याची माहिती आमच्या कारागीर बंधूंसाठी येथे देत आहोत.

प्लगिन म्हणजे काय?

क्युबेस, रीपर, एफएल स्टुडिओ, एबलटन लाईव्ह, लॉजिक ही संगीताची मोठी सॉफ्टवेअर. त्यांच्या पोटात बसून काम करणारे छोटे सॉफ्टवेअर म्हणजे प्लगिन. कोणी आवाजाला घुमारा देते, कोणी आवाजाची पातळी सारखी करते, तर कोणी तबला, सतार, ऑर्गन अशी वाद्ये वाजवून देते. प्लगिन एकाचे आणि मोठे सॉफ्टवेअर दुसऱ्याचे असले तरी दोघांचे जमावे म्हणून एक ठरलेले माप लागते, जसे नट आणि बोल्टचे आटे जुळावे लागतात. जर्मनीतील स्टाईनबर्ग या कंपनीने 1996 साली व्हीएसटी नावाचे माप आणले. 1999 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि 2008 मध्ये तिसरी. लॉजिकचे माप एयू आणि प्रो टूल्सचे एएएक्स, ही वेगळी मापे आहेत.

अडचण चार ठिकाणी येते

पहिली अडचण 32 बिट व 64 बिटची. 32 बिट प्रोग्रामला जास्तीत जास्त 4 जीबी मेमरीचा हिशेब ठेवता येतो, आणि विंडोजवर त्याच्या वाट्याला साधारणपणे 2 जीबीच येते. वाद्यांचे खरे नमुने वापरणाऱ्या कामाला एवढी मेमरी पुरत नाही, म्हणून सगळे 64 बिटकडे वळले. पण 64 बिट प्रोग्रामला 32 बिट प्लगिन थेट आपल्या पोटात घेता येत नाही. प्रो टूल्स व लॉजिक यांनी 2013 साली, क्युबेसने 2016 साली आणि एबलटन लाईव्हने 2018 साली 32 बिट प्लगिनची साथ सोडली. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत हौशी लोकांनी बनविलेली कितीतरी फुकट प्लगिन 32 बिटमध्येच राहिली. त्यांची नवी आवृत्ती आली नाही.

दुसरी अडचण मापाची. स्टाईनबर्गने 2018 पासून व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीचे परवाने नव्या निर्मात्यांना देणे बंद केले, आणि 2022 साली आपल्या सॉफ्टवेअरमधूनही ती काढून घेण्याचे जाहीर केले. इतर अनेक कंपन्यांची सॉफ्टवेअर ती अजून चालवितात. तेव्हा हे सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारून घ्यावे.

तिसरी अडचण मॅक वापरणाऱ्यांची. 2019 साली आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून 32 बिट प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. 2020 पासून ॲपलने इंटेलची चिप सोडून स्वतःची चिप बसविली. इंटेलसाठी लिहिलेली प्लगिन त्या चिपवर रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. मात्र ही सोय पूर्णपणे मॅकओएस 27 पर्यंतच राहील, असे ॲपलने 2025 साली जाहीर केले आहे.

चौथी अडचण परवान्याची, आणि ती सर्वांत कमी लोकांच्या ध्यानात येते. अनेक प्लगिन यूएसबीच्या किल्लीवर किंवा कंपनीच्या सर्व्हरवर परवाना तपासतात. प्लगिन चांगले असले तरी तो सर्व्हर बंद पडला की नव्या संगणकावर ते सुरू करता येत नाही. ई-लायसन्सर या परवाना किल्लीची सेवा 20 मे 2025 रोजी बंद झाली. ज्यांचा परवाना किल्लीत आधीपासून आहे त्यांचे काम किल्ली शाबूत आहे तोवर चालेल. ती बिघडली तर तो परवाना परत मिळण्याचा मार्ग राहिलेला नाही. अशी किल्ली तिजोरीतील चावीसारखी जपावी.

उपाय कोणते?

पहिला उपाय सर्वांत साधा. निर्मात्याकडे आपल्या खात्यावर नवी 64 बिट आवृत्ती उपलब्ध आहे का ते पाहावे. पुष्कळदा ती फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते. परंतु नव्या मापातील प्लगिन जुन्या गाण्यातील सेटिंग आपोआप उचलेलच असे नाही. निर्मात्याने तशी सोय ठेवली असेल तरच ते घडते. यासाठी जुने प्लगिन काढून टाकण्याआधी एक गाणे दोन्हींवर वाजवून पाहावे.

दुसरा उपाय पुलाचा, म्हणजे ब्रिजचा. यात 32 बिट प्लगिन मोठ्या सॉफ्टवेअरच्या बाहेर, वेगळ्या प्रोग्रामात चालविले जाते आणि ध्वनी दोघांमध्ये ये-जा करतो. विंडोजवर रीपर व एफएल स्टुडिओ यांच्यात हा पूल मुळातच आहे. इतर सॉफ्टवेअरसाठी जेब्रिज नावाचा प्रोग्राम विकत मिळतो. पुलाचा एक फायदा असा की प्लगिन कोसळले तरी बहुधा गाणे वाचते. तोटा असा की संगणकावर भार वाढतो आणि कधी प्लगिनची खिडकी गोठते. एक-दोन आवडत्या प्लगिनसाठी पूल ठीक आहे. वीस प्लगिन पुलावर टाकून गिऱ्हाइकासमोर काम करणे धोक्याचे.

तिसरा उपाय जुने सॉफ्टवेअर जुन्या प्लगिनसह ठेवण्याचा. 64 बिट विंडोजवर 32 बिट प्रोग्राम आजही चालतात, त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरच्या शेजारी जुनेही बसविता येते. स्वतंत्र जुना संगणक असेल तर तो भंगारात देऊ नये. त्याचे इंटरनेट काढून टाकावे आणि केवळ जुनी कामे उघडण्यासाठी तो ठेवावा. विंडोज 10 ची सर्वसाधारण साथ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली असल्याने अशा संगणकावर बँकेचे व पत्रव्यवहाराचे काम करू नये.

सर्वांत भरवशाचा उपाय

वरील सर्व उपाय काही वर्षांचेच आहेत. कायमचा उपाय एकच : काम पुरे झाले की प्रत्येक ट्रॅक प्लगिनच्या परिणामासह साध्या वेव्ह फाईलमध्ये उतरवून ठेवणे. वेव्ह फाईल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. तिला ना परवाना लागतो, ना पूल. सर्व फाईल गाण्याच्या आरंभापासूनच सुरू कराव्यात, म्हणजे पुढे त्या एकावर एक बरोबर बसतात. मूळ गायकाचा आवाज परिणामाशिवायही वेगळा ठेवावा. वाद्यांचे सूर मिडी फाईलमध्ये काढून ठेवावेत. सोबत एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये गाण्याची लय, पट्टी (काळी दोन, पांढरी चार वगैरे) आणि वापरलेल्या प्लगिनची नावे लिहावीत.

याला जागा किती लागते? 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या स्टिरिओ फाईलला मिनिटाला सुमारे 17 एमबी लागतात. पाच मिनिटांच्या गाण्याचे वीस ट्रॅक ठेवले तर जागा साधारण पावणेदोन जीबी. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवाव्यात.

या मेहनतीचे मोल पुढे कळते. गिऱ्हाईक चार-पाच वर्षांनी परत येते. "दुकानाचा पत्ता बदलला, जाहिरातीत तेवढीच ओळ नवी घाला," असे म्हणते. एखाद्या कव्वालाला जुन्या चालीवर नवे बोल गायचे असतात. ज्याच्याकडे ट्रॅक तयार आहेत तो हे काम तासाभरात करून देतो. ज्याच्याकडे नुसती प्रोजेक्ट फाईल आहे आणि प्लगिन मेलेले आहे, त्याला सारे गाणे नव्याने बांधावे लागते किंवा गिऱ्हाईक गमवावे लागते.

खरेदीपूर्वी यादी करा

नवा संगणक घेण्याआधी वहीत आपल्या प्लगिनची यादी करावी. प्रत्येकापुढे 32 की 64 बिट, कोणते माप, परवाना कोठे आहे आणि नवी आवृत्ती मिळते का, हे लिहावे. यादी केल्यावर बहुतेकांना दिसून येईल की रोजच्या कामात दहा-पंधराच प्लगिन लागतात. जी मेलेली आहेत त्यांना पर्याय शोधावा. ही अदलाबदल लग्नसराईच्या मोसमात कधीही करू नये. मोसम संपल्यावर, हातात आठ-दहा मोकळे दिवस असताना करावी.

चोरीची, म्हणजे कुलूप तोडलेली प्लगिन वापरणाऱ्यांना यातील पहिला उपायच बंद असतो. त्यांच्या नावे खाते नाही, म्हणून नवी आवृत्ती नाही. शिवाय अशा फाईलींतून व्हायरस आला तर साऱ्या गिऱ्हाइकांचे काम एका दिवसात जाते. दुसऱ्या कारागिराच्या मेहनतीचे दाम बुडविण्यात धंद्याचे हितही नाही. आज अनेक चांगली प्लगिन फुकट व कायदेशीर मिळतात. त्यांच्यापासून आरंभ करावा आणि कमाई होईल तसतशी एकेक विकत घ्यावीत.

स्टुडिओवाल्या बंधूंनी या आठवड्यात निदान एवढे करावे : गेल्या वर्षातील पाच मोठ्या गिऱ्हाइकांची कामे उघडावीत, जुना संगणक चालू आहे तोवरच त्यांचे ट्रॅक उतरवून घ्यावेत, आणि मगच नव्या संगणकाचा विचार करावा.