गाडी आजोबांची, पार्ट कुणाचे?

अंगणात ताडपत्रीखाली आजोबांची फियाट झोपलीय? आणि यंदाच्या सुट्टीत तिला रस्त्यावर आणायचंच, असं पुण्याच्या ऑफिसात बसून ठरवलंय? झकास! पण गाडी गॅरेजात गेली की मिस्त्री पहिल्यांदा विचारणार, ‘भाऊ, ओरिजिनल टाकाचं का चालनारं?’ इथेच भल्याभल्यांची विकेट पडते.

या स्टोरीसाठी अमरावती आणि अकोल्यातल्या गॅरेजांच्या चकरा मारताना मला दोन पार्ट्या दिसल्या. एक ‘प्युअर’ पार्टी. हिला स्क्रूसुद्धा त्या काळातलाच हवा. दुसरी ‘बिनधास्त’ पार्टी. बोनेटखाली मारुतीचं काहीही बसवा, गाडी पळाली पाहिजे. मला विचाराल तर दोघंही अर्धेच बरोबर आहेत. कारण सवाल अख्ख्या गाडीचा नसतोच, एकेका पार्टचा असतो.

डब्यातलं म्हातारं रबर

पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली. अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्टना हमखास गिऱ्हाईक होतं. आता कंपनीच्या जुन्या डब्यातला सीलबंद पार्ट हाती आला की लॉटरी लागल्यासारखं वाटतं. मोनोग्राम, दाराचं हँडल किंवा मीटर असेल तर खरंच लॉटरी, डोळे झाकून घ्या. पण एसी पंपाचा पडदा, पेट्रोलचा पाइप, ब्रेकचं किट असेल तर जरा थांबा. रबर डब्यातसुद्धा म्हातारं होतं.

त्यात आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, चिरतं, झिरपायला लागतं. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा रबर नवं आणि इथेनॉल सोसणारंच घ्या. डब्यावरचा लोगो बघून भुलू नका!

वऱ्हाडातला मे महिना

फियाटचा एसी पंप इंजिनालाच जोडलेला. पारा ४५ च्या पुढे सरकला की पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, पुरवठा तुटतो आणि गाडी भर चौकात बसकण मारते. हाच तो व्हेपर लॉक. पंपावर ओला फडका टाकायचा जुना फंडा आजही चालतो. पण अकोल्याच्या उन्हात किती फडके भिजवणार? टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला, तर तो पेट्रोल मागून ढकलतो आणि त्रास बराच कमी होतो. फक्त तो कमी प्रेशरचा हवा. इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप लावाल, तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झालाच म्हणून समजा.

रस्ता बदलला, ब्रेक तेच

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, आठवतंय? रस्ता गुळगुळीत झाला की सगळ्यांचे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. तुमच्या फियाटला मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढची नवी एसयूव्ही कचकन थांबेल, तुमची गाडी तेवढ्यात थांबेलच असं नाही. आणि मागच्या सीटवर आजी बसलेली!

म्हणून ब्रेकमध्ये हौस नको. ड्रम जुनेच राहू द्या, पण लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, होज पाइप सगळं नवंकोरं टाका. ‘अजून चालतंय ना’ हे वाक्य इथे चालणार नाही.

आणि कायदा?

जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं उलटली असतील आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसेल, तर नंबरप्लेटवर खास ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पण मग ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. उलट दुसरं इंजिन बसवलंत, तर व्हिंटेजचं दार बंद. शिवाय इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, ते वेगळंच. म्हणजे गॅरेजात जाण्याआधीच ठरवा बॉस, गाडी मिरवायची आहे की फिरवायची?

माझा फंडा सोपा आहे. जे दिसतं ते जुनं. जे थांबवतं आणि जे पेट घेऊ शकतं ते नवं. आणि नव्या पार्टसाठी चेसिसला भोकं पाडायची नाहीत. काढलेला जुना पार्ट पुसून, ग्रीस लावून, चिठ्ठी चिकटवून डब्यात ठेवायचा. उद्या तुमच्या पोरांना प्युअर पार्टीत जावंसं वाटलं, तर चार नट-बोल्ट खोलून गाडी पुन्हा होती तशी झाली पाहिजे. फक्त त्या डब्यावर ‘भंगार नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहा. दिवाळीची साफसफाई कुणाला सोडत नाही!